टेक्ससमध्ये दिवाळखोरी: राज्याची यादी घ्यावी की केंद्राची?

अमेरिकेच्या दिवाळखोरी कायद्यातल्या चॅप्टर ७ खाली अर्ज केला की ट्रस्टी (प्रकरणासाठी नेमलेला विश्वस्त) तुमची मालमत्ता विकून देणेकऱ्यांना वाटू शकतो. त्यातलं काय वाचेल, हे सवलतींच्या यादीवर ठरतं. टेक्ससमध्ये राज्याची आणि केंद्राची अशा दोन्ही याद्या खुल्या आहेत, पण घ्यायची एकच. घरापुरती राज्याची आणि पैशांपुरती केंद्राची, असं चालत नाही. नवरा-बायकोने एकत्र अर्ज केला तर दोघांनाही तीच यादी.

घर स्वतःचं असेल आणि त्यात बरीच इक्विटी (किमतीतून कर्ज वजा जाता उरणारा तुमचा वाटा) साचली असेल, तर माझ्या मते फार डोकं खाजवायची गरज नाही. टेक्सस राहत्या घराच्या किमतीला मर्यादाच घालत नाही. मर्यादा आहे ती जमिनीला, शहरात १० एकर. केंद्राच्या यादीत एप्रिल २०२५ पासून घरासाठी माणशी फक्त ३१,५७५ डॉलर आहेत. गृहकर्ज आणि प्रॉपर्टी टॅक्स यांतून कोणतीच यादी सोडवत नाही. खरी मेख मुदतीची आहे. अर्जाआधी ७३० दिवस टेक्ससमध्ये वास्तव्य नसेल, तर राज्याची यादी हाती लागत नाही. घर १,२१५ दिवसांच्या आत घेतलेलं असेल, तर संरक्षण सहसा २,१४,००० डॉलरवर थांबतं. कॅलिफोर्नियातून नुकतेच आलेल्यांनी आधी तारखा मोजाव्यात.

भाड्याने राहणाऱ्यांचं गणित उलटं. बँकेतल्या शिलकीला टेक्ससच्या यादीत जागाच नाही. केंद्राकडे ‘वाइल्डकार्ड’ आहे: १,६७५ डॉलर आणि घराच्या न वापरलेल्या सवलतीतले १५,८०० पर्यंत, कशासाठीही. जोडप्याला मिळून ३४,९५० डॉलर.

गाडीला केंद्र माणशी ५,०२५ डॉलर देतं. टेक्सस घरातल्या प्रत्येक लायसन्सधारकामागे एक गाडी सोडतं, पण घरसामान, दागिने, गाड्या सगळं मिळून कुटुंबाला १ लाख, एकट्याला ५० हजार डॉलरच्या आत.

आपल्या घरांत प्रश्न अडतो तो सोन्यावर. टेक्सस त्या मर्यादेचा चौथा हिस्सा, म्हणजे कुटुंबाला २५,००० डॉलरपर्यंतचे दागिने सोडतं. केंद्र माणशी २,१२५. किंमत धरतात ती अर्जाच्या दिवसाची, त्यामुळे लग्नातल्या पाटल्या-तोड्यांचा तेव्हाचा भाव इथे कामाचा नाही. नाणी आणि बिस्किटं तर दागिन्यांत बसतच नाहीत.

४०१(के), म्हणजे नोकरीतून जमवलेली निवृत्तीची बचत, दोन्हीकडे सुरक्षित.

पुण्यातल्या फ्लॅटला मात्र दोन्ही याद्यांत स्वतःची अशी सवलत नाही; फार तर केंद्राच्या वाइल्डकार्डाइतका भाग वाचतो. मालमत्ता जगात कुठेही असली तरी जाहीर करावी लागते. वडिलांबरोबर जोडनावावर असेल तर तुमचा हिस्सा, आणि एनआरई खात्यातल्या ठेवीसुद्धा. फ्लॅटमध्ये तुम्ही राहत नाही, म्हणून घराची सवलत त्याला नाही. लपवलं तर कर्जमाफी नाकारली जाऊ शकते, शिवाय तो फौजदारी गुन्हा आहे. असा फ्लॅट असणाऱ्यांनी यादीच्या आधी वकिलाला चॅप्टर १३ (हप्त्यांनी फेडीचा दिवाळखोरीचा मार्ग) बद्दल विचारावं. त्यात फ्लॅट राहतो, पण निदान तेवढ्या किमतीची रक्कम तीन ते पाच वर्षांत हप्त्यांनी देणेकऱ्यांना द्यावी लागते.