सीलबंद पाकीट एजंटच्या हातात देऊ नका

पाकिटं मी स्वतः परदेशी प्रवेशाची कामं करून देणाऱ्या कन्सल्टंटच्या, म्हणजे एजंटच्या, हातात दिली, ही या प्रकरणातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट. परीक्षा विभागात खेटे घालून मिळवलेल्या ट्रान्स्क्रिप्टच्या (सगळ्या सेमिस्टरचे गुण दाखवणाऱ्या अधिकृत कागदाच्या) तीन प्रती होत्या. प्रत्येक पाकिटाच्या जोडावर आडवी सही, त्यावर शिक्का. कन्सल्टंटने टेबलावरचा कटर उचलला आणि माझ्यासमोर तिन्ही उघडली. "चेक करावं लागतं मॅडम. आत काही चूक असली तर?" मला वाटलं, माणूस काळजीपूर्वक काम करतोय.

झाकण उघडलं की आतला कागद तोच राहतो, पण 'ऑफिशियल' राहत नाही. कागद आणि विद्यापीठ यांच्यामध्ये कुणाचाही हात लागलेला नाही, याची खूण म्हणजे ते सील. सगळी पडताळणी या एकाच प्रश्नावर उभी असते: हा कागद कुठून निघाला आणि मध्ये कुणाकडे होता? मी तो प्रश्न पहिल्याच दिवशी निकालात काढला होता, तेही पैसे मोजून.

पॅकेजमध्ये सगळं होतं: इव्हॅल्युएशन (आपल्या पदवीचं आणि गुणांचं तिथल्या पद्धतीत मूल्यमापन), अपॉस्टिल (परदेशात कागद दाखवण्यासाठीचं सरकारी प्रमाणपत्र), जीपीए (गुणांची ४ पैकी सरासरी) सर्टिफिकेट, पोर्टलवर अर्ज भरणं. रक्कम माझ्या दोन महिन्यांच्या पगाराएवढी. मी अमेरिकेतल्या तीन विद्यापीठांत मास्टर्ससाठी अर्ज करणार होते. त्यांपैकी दोघांनी स्वच्छ लिहिलं होतं की, अर्जासोबत ट्रान्स्क्रिप्टचा साधा स्कॅन चालेल, अधिकृत प्रत प्रवेश मिळाल्यावर पाठवा आणि गुणांचं रूपांतर तुम्ही करू नका, मूळ पद्धतीतच कळवा. फक्त तिसऱ्याला प्रत्येक विषयाचं वेगळं इव्हॅल्युएशन हवं होतं. हे सगळं मी वाचलं होतं. तरी त्याने "वेबसाइटवर काहीही लिहितात, आत वेगळं चालतं" म्हटलं आणि मी मान डोलावली. विद्यापीठाच्या पानापेक्षा मला समोर बसलेल्या माणसाचा आवाज जास्त खरा वाटला. का, ते मला अजूनही नीट सांगता येत नाही.

तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला. जाड कागद, सोनेरी होलोग्राम, वरच्या कोपऱ्यात 'नेसेस' या मूल्यमापन संस्थांच्या अमेरिकी संघटनेचं बोधचिन्ह. जीपीए ३.८२. आता एक कबुली. दुसऱ्या सेमिस्टरला मी एका विषयात नापास झाले होते आणि पुढच्या परीक्षेला तो सोडवला होता. ट्रान्स्क्रिप्टवर दोन्ही प्रयत्न आहेत. रिपोर्टमध्ये पहिला गायब होता. मला ते दिसलं. त्यांच्या पद्धतीत तसंच मोजत असतील, अशी मी स्वतःची समजूत घातली. आकडा आवडला होता ना! या धंद्याला अशा गप्प बसणाऱ्या गिऱ्हाइकांचा फार मोठा आधार असतो.

नेसेसबद्दल जे मला नंतर कळलं, ते आधी वाचायला फार तर पाच मिनिटं लागली असती. अमेरिकेत परदेशी पदव्यांचं मूल्यमापन सरकार करत नाही. तिथलं शिक्षण खातं ते काम करतही नाही आणि कुठल्या संस्थेची शिफारसही करत नाही. ते काम खासगी संस्था करतात. त्यांपैकी काहींनी १९८७ साली स्थापन केलेली संघटना म्हणजे नेसेस. ती स्वतः कुणाच्याही पदवीचं मूल्यमापन करत नाही. तिच्या संकेतस्थळावर सभासद संस्थांची यादी सगळ्यांसाठी खुली आहे. माझ्या रिपोर्टवरची संस्था त्या यादीत नव्हती. बोधचिन्ह काय, कुणीही उचलून चिकटवतो.

युरोपात व्यवस्था निराळी आहे. तिथे बहुतेक देशांत पदव्यांच्या मान्यतेची माहिती देणारं राष्ट्रीय केंद्र असतं आणि या केंद्रांचं जाळं एनिक-नारिक नावाने चालतं. जर्मनीतली बरीच विद्यापीठं परदेशी अर्जांची प्राथमिक तपासणी 'युनि-असिस्ट'कडे सोपवतात. तिथे १.० हा सर्वोत्तम ग्रेड, म्हणजे आकडा जितका लहान तितका चांगला. एजंटच्या 'जीपीए सर्टिफिकेट'चा तिथे काय उपयोग होणार होता, देव जाणे. पण त्याच्या दरपत्रकात सगळ्या देशांसाठी ते एकच सर्टिफिकेट होतं.

अपॉस्टिलची गंमत तर वेगळीच. माझ्या तीनही विद्यापीठांनी ते मागितलंच नव्हतं. "यावर सरकारी शिक्का बसला की मार्क खरे ठरतात," असं त्याने सांगितलं होतं. १९६१ च्या हेग करारातून आलेलं हे प्रमाणपत्र तीनच गोष्टी सांगतं: कागदावरची सही खरी आहे, सही करणारा कोणत्या अधिकाराने सही करतोय आणि त्यावर शिक्का असेल तर तो कुणाचा. आतल्या मजकुराबद्दल ते चकार शब्द काढत नाही. माझ्या मार्कशीटच्या बाबतीत त्याने काय केलं असेल? झेरॉक्स काढली, त्यावर नोटरीची सही घेतली आणि अपॉस्टिल त्या झेरॉक्सला लावून आणलं. म्हणजे मी पैसे भरून नोटरीची सही अस्सल असल्याचा पुरावा मिळवला. अपॉस्टिलच्या चौकटीत दहा क्रमांकित ओळी असतात. सही कुणाची ते दुसऱ्या ओळीत आणि कोणत्या हुद्द्याने केली ते तिसऱ्या ओळीत लिहिलेलं असतं. या दोन ओळी वाचल्या तरी कळतं की शिक्का नेमका कशाला बसलाय.

हे उघडकीस कसं आलं? डेडलाईन होऊन बरेच दिवस गेले तरी काहीच हालचाल दिसेना, म्हणून मी तिसऱ्या विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयाला माझ्या मेलवरून विचारलं. उत्तर आलं: नोंदणी केलेल्या पत्त्यावरून लिहा. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की पोर्टलवर माझ्या नावाने असलेला मेल पत्ता एजंटने तयार केला होता आणि पासवर्डही त्याच्याकडेच होता. पासपोर्ट पाठवून ओळख पटवल्यावर त्यांनी मला पत्रव्यवहार दाखवला. त्यांनी विचारलं होतं की स्कॅनमध्ये दोन प्रयत्न आणि रिपोर्टमध्ये एकच, असं का? शिवाय ही संस्था आमच्या मान्य यादीत नाही. माझ्या वतीने उत्तरही गेलेलं होतं: 'टायपिंग मिस्टेक, क्षमस्व.' ती क्षमा मी मागितलेली नव्हती, पण खाली नाव माझंच होतं.

एजंटला फोन केला. "मॅडम, काम तर पूर्ण झालंय, रिफंड कशाचा?" त्यानंतर नंबर बंद. पावत्या, चॅट, रिपोर्टची प्रत सगळं जोडून मी पोलिसांत तक्रार दिली आहे. तिचं पुढे काहीही झालेलं नाही. तिन्ही विद्यापीठांना मी घडलं ते सगळं, रिपोर्टमधली चूक बघूनही गप्प बसले होते हेसुद्धा, लिहून कळवलं. तिसऱ्याने अर्ज बंद केला, पण पुढच्या वर्षी नव्याने अर्ज करायला हरकत नाही असं कळवलं. उरलेल्या दोन ठिकाणी तोच रिपोर्ट जोडलेला होता, म्हणून तिथले अर्ज मीच मागे घेतले. खोटा कागद प्रवेशानंतर सापडला असता तर प्रवेश रद्द झाला असता. शिकून झाल्यावर सापडला तर मिळालेली पदवीही काढून घेऊ शकतात.

आता अर्ज मीच भरतेय. मेल माझा, पासवर्ड माझा. शिफारसपत्रांच्या रकान्यात प्राध्यापकांचे संस्थेचे मेल पत्ते टाकलेत. (त्याने त्यांच्या नावाने नवे फुकट मेल उघडून 'पत्रांचंही बघतो' म्हटलं होतं. नशीब, ते राहून गेलं.) इव्हॅल्युएशनसाठी सभासद यादीतली संस्था निवडली, तिच्याकडे खातं उघडून संदर्भ क्रमांक घेतला आणि तो परीक्षा विभागात दिला. या वेळी पाकीट माझ्या हातात आलंच नाही, तिथूनच कुरिअरने गेलं. परवा रिपोर्ट आला. पातळ, साधा कागद. नापास झालेला विषय दोन्ही प्रयत्नांसकट त्यात आहे आणि जीपीए ३.८२ च्या बराच खाली.