साडेसात फुटी, तीन नंबरची फ्लाय रॉड: आटलेल्या ओढ्यांवरचा अनुभव

उन्हाळा सरत आला की डोंगरातले ओढे आटतात, पाणी काचेसारखे नितळ होते आणि ट्राउट मासा काठावरच्या सावलीनेही बिचकतो. अशा पाण्यावर जड दोरी आपटून चालत नाही, म्हणून मी ७.५ फूट लांबीची, तीन नंबरच्या, म्हणजे हलक्या दोरीसाठी बनवलेली ही चार तुकड्यांची फ्लाय रॉड (आमिष म्हणून कृत्रिम माशी फेकायची गळाची काठी) घेतली. तिचा खरा गुण तिच्या संथ लवचिकतेत आहे. लांब फेकीसाठी बनवलेल्या ताठ रॉड थोडीच दोरी बाहेर असताना नीट वाकत नाहीत. ही मात्र २० फुटांच्या आतही दोरीचे वजन हाताला जाणवू देते, आणि मासा हिसका देतो तेव्हा तिचे टोक इतके सहज झुकते की ०.१३ मिलिमीटर जाडीचा टोकाचा धागाही सहसा टिकून राहतो. मुंगीच्या आकाराची कृत्रिम माशी ती पाण्यावर अलगद उतरवते. नाकतोड्याची मोठी माशी मात्र वाऱ्यात भरकटते, आणि नेमके याच दिवसांत ट्राउट नाकतोड्यांवर तुटून पडत असल्याने ही उणीव मला चांगलीच खटकली. कॉर्कच्या मुठीतली भोके पुट्टीने बुजवलेली दिसतात, या किमतीला ते शोभत नाही. पाण्याचा थर्मामीटर वेगळा घ्यावाच, कारण पाणी २० अंश सेल्सिअसच्या वर गेले की त्यातला ऑक्सिजन घटतो आणि परत सोडलेला मासाही दगावू शकतो. माझी रॉड त्यामुळे पहाटेच बाहेर निघते आणि दुपारी पिशवीत असते.