सात हजारांची अकूस्टिक गिटार आणि नवशिक्याच्या कॉर्ड्स: आठ महिन्यांच्या वापरानंतर

४० इंची कटअवे (एका खांद्याला खाच असलेली), स्केल म्हणजे तारेची वाजणारी लांबी ६५० मिमी, वरची फळी स्प्रूसची पण लॅमिनेटेड, म्हणजे थर चिकटवलेली, ट्रस रॉड (दांडी सरळ ठेवणारी आतली सळई) आहे, किंमत सातएक हजार. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढचं बरंचसं या किमतीतल्या कुठल्याही गिटारला लागू पडेल. आवाज किमतीच्या मानाने चांगला आहे, खुंट्या सूर धरून ठेवतात. तक्रार आहे ती गिटार खोक्यातून ज्या अवस्थेत बाहेर येते त्याबद्दल. कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे सूर, नीट वाजली नाही की नवशिक्या आपल्या बोटांना दोष देतो. निम्मा दोष तारांच्या उंचीचा असतो.

पट्टी लावून मोजलं. (फ्रेट म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या आणि त्यांच्यामधली घरं.) बाराव्या फ्रेटवर सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेखाली ३.६ मिमी आणि पहिल्या तारेखाली २.९ मिमी. शिकणाऱ्याला २.८ आणि २.१ पुरे. तेवढ्यासाठी ब्रिजवरची, म्हणजे फळीवर तारा जिथे अडकवतात त्या लाकडावरची पांढरी पट्टी, म्हणजे सॅडल, खालून घासावी लागते. हिशेब सोपा: बाराव्या फ्रेटवर जितकं कमी करायचं, त्याच्या दुप्पट सॅडल घासायचं. इथे ०.८ मिमी कमी करायचे म्हणून १.६. तारा काढा, सॅडल उपसा, बुडापासून १.६ मिमीवर पेन्सिलने रेघ मारा आणि सपाट काचेवर २२० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून रेघेपर्यंत घासा. बूड काटकोनात राहिलं पाहिजे. तिरकं झालं तर आवाज मरतो. वरची गोलाई अजिबात छेडू नका. जास्तीचं एक सॅडल आधीच आणून ठेवा, फार महाग नसतं.

नटची, म्हणजे दांडीच्या वरच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीची गोष्ट वेगळी, आणि कॉर्ड्सच्या दृष्टीने जास्त महत्त्वाची. सगळ्या सुरुवातीच्या कॉर्ड्स पहिल्या तीन फ्रेटमध्ये असतात, तिथे तारेची उंची नट ठरवतो. तपासायचं असं: तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटच्या डोक्यावर किती फट उरते ते बघा. जेमतेम कागद जाईल इतकीच हवी. या गिटारमध्ये व्हिजिटिंग कार्ड आरामात सरकत होतं. दुसरा पुरावा ट्यूनर देतो. दुसरी तार मोकळी असताना बरोबर बीवर लावली, पहिल्या फ्रेटवर दाबली तर सी जवळजवळ १५ सेंट चढा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). म्हणजे सूर लावलेल्या गिटारवरही सी कॉर्ड बेसूरच. नटच्या खाचा घरी घासू नका. केसभर जास्त खोल गेली की मोकळी तार झणझणते आणि नट बदलावा लागतो. गिटार दुरुस्त करणाऱ्याकडे द्या, हजाराच्या आत काम होतं.

तोवर एक तोडगा आहे. सगळ्या तारा अर्धा स्वर उतरवा आणि पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावा. सुराची पट्टी मूळचीच राहते, ताण कमी होतो आणि नटचा प्रश्नच मिटतो. तारांचा सेट बदलणं हा आणखी एक उपाय. सोबत आलेला बाराचा होता, म्हणजे सर्वांत बारीक तार ०.०१२ इंचाची. दहाचा सेट बोटांना हलका पण आवाज पातळ. अकराचा सर्वांत जमला.

आता कॉर्ड्स. बरेच जण सी, जी, डीने सुरुवात करतात. मला तो क्रम पटत नाही. ई मायनरला दोनच बोटं लागतात आणि एकही तार वगळावी लागत नाही. मग ए मायनर. ए मायनरवरून सीकडे जाताना फक्त अनामिका हलते: तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवरून पाचव्या तारेच्या तिसऱ्यावर. तर्जनी आणि मधलं बोट जागचं हलवायचं नाही. सीमध्ये दोन तारा हमखास बुजतात. तिसरी बुजते ती मधलं बोट आडवं पडल्याने, पहिली बुजते ती तर्जनीचं पेर टेकल्याने. उपाय जोर वाढवण्याचा नाही. मनगट थोडं पुढे काढा, म्हणजे बोटं उभी राहतील. अनामिकेचं टोक सहाव्या तारेला हलकंच टेकू द्या, ती तार या कॉर्डमध्ये वाजायला नकोच आहे. बोट फ्रेटच्या पट्टीला खेटून, पण तिच्या मागे. मधोमध दाबलं तर दुप्पट ताकद लागते आणि तरी तार झणझणते.

दुसरा उपयोगी गट जीचा. अनामिका दुसऱ्या तारेवर आणि करंगळी पहिल्या तारेवर, दोन्ही तिसऱ्या फ्रेटला. ही दोन बोटं रोवून ठेवली की जी, सी ॲड नाइन आणि ई मायनर सेव्हन या तिन्हींत फक्त तर्जनी आणि मधलं बोट फिरतं. डीला करंगळी उचलायची, अनामिका तिथेच. एका मिनिटात दोन कॉर्ड्समध्ये किती बदल होतात ते मोजत जा. वीसच्या आत असेल तर गाण्याच्या वाटेला जाऊ नका. चाळिशी ओलांडली की संथ केरवा किंवा दादरा सांभाळता येतो. बदल अडला तरी उजवा हात थांबवायचा नाही, मोकळ्या तारांवर का होईना, लय चालू राहू द्या.

एफची दहशत फार आहे, कारण त्यात तर्जनी तारांवर आडवी टाकावी लागते. आधी हाच आकार पाचव्या फ्रेटवर धरा, तिथे तो ए होतो. तिथे फ्रेटची रुंदी २९ मिमी, पहिल्याची ३६. पाचव्यावर स्वच्छ वाजून पहिल्यावर अजिबात वाजत नसेल, तर पुन्हा नटकडे बघा. तर्जनीने सहाही तारा दाबण्याचा अट्टहास नको; सहावी, दुसरी आणि पहिली एवढ्याच तिच्या वाट्याच्या, बाकीच्या इतर बोटांकडे असतात. तर्जनी अंगठ्याच्या बाजूने किंचित कलती ठेवा, कारण तळव्याच्या बाजूला पेरांच्या खळग्यात तार बुडते.

पेटीवर गाणाऱ्यांसाठी कॅपो ही चैन नाही, गरज आहे. काळी एकला पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून सीचे आकार, किंवा चौथ्यावर एचे. काळी चारला पहिल्यावर जीचे, काळी पाचला तिसऱ्यावर जीचे. पांढरी चार म्हणजे एफ. तिसऱ्यावर कॅपो, डीचे आकार, आणि तो नको असलेला एफ टळला.

पावसाळ्यात ब्रिजमागची फळी किंचित फुगली, उंची परत ०.३ मिमी वाढली. ऑक्टोबरनंतर आपोआप बसली. त्या दिवसांत सॅडल घासलं असतं तर उन्हाळ्यात तारा फ्रेटला लागल्या असत्या. कव्हरमध्ये सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवा आणि वाजवून झाल्यावर तारा खालूनही पुसा, गंज तिथूनच धरतो.