४३ इंची फोर-के टीव्ही, साडेआठ फुटांवरून

नेरूळच्या सिडको वसाहतीतल्या आमच्या घराचा हॉल दहा फूट रुंद आहे आणि सोफ्यावर बसणाऱ्याच्या डोळ्यांपासून टीव्हीच्या पडद्यापर्यंतचे अंतर टेपने मोजले, तर ते साडेआठ फूट भरते. गेल्या महिन्यात घेतलेल्या ४३ इंची फोर-के टीव्हीविषयी मला जे सांगायचे आहे, ते बहुतेक सगळे या एका अंतरावर अवलंबून आहे.

जुना टीव्ही याच मापाचा, पण फुल एचडी होता, म्हणजे त्याचे चित्र ज्या ठिपक्यांचे बनते ते फोर-केच्या एक चतुर्थांश होते. तो लगेच न काढता आठ दिवस दोन्ही शेजारी शेजारी ठेवले आणि दिनदर्शिकेच्या मागच्या पानावरील बारीक मजकुराचा एकच फोटो दोन्हींवर लावला. सोफ्यावरून मला काहीही फरक दिसला नाही. चश्मा लावून हळूहळू पुढे सरकलो, तेव्हा साडेपाच फुटांच्या आसपास जुन्या पडद्यावरील वेलांट्यांच्या कडा खरबरीत वाटू लागल्या. मुलीची नजर माझ्यापेक्षा तीक्ष्ण असल्याने तिला तेच साडेसहा फुटांवर जाणवले.

याचे कारण डोळ्यांत आहे. डोळ्यांचे डॉक्टर ज्या नजरेला ६/६ म्हणतात, ती नजर साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखू शकते. ४३ इंची पडदा सुमारे ९५ सेंटीमीटर रुंद असतो; त्यावर फुल एचडीचे १९२० ठिपके बसवले, तर प्रत्येक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा होतो आणि पावणेदोन मीटरच्या, म्हणजे साडेपाच-पावणेसहा फुटांच्या पलीकडून असे ठिपके एकमेकांत मिसळून जातात. फोर-केचा ठिपका याच्या निम्मा असल्याने त्याची खरी बारकाई पाहायची, तर तीन फुटांच्या आत बसावे लागेल. वाशीच्या दुकानात मी नेमका तेवढ्याच अंतरावर उभा होतो, आणि समोर खास प्रदर्शनासाठी चित्रित केलेली झगझगीत दृश्ये चालू होती. घेणाऱ्याने दुकानात आधी आपल्या सोफ्याइतके मागे जाऊन उभे राहावे, असे मी कळकळीने सांगेन.

सोफ्यावरून ठळकपणे दिसतो तो फरक वेगळाच आहे. आई रोज जी मालिका पाहते, तिची साधी वाहिनी आम्ही वर्षानुवर्षे लावत होतो. साध्या प्रक्षेपणात ५७६ रेषा असतात, आणि या मापाच्या पडद्यावर त्या रेषांची जाडी दहा फुटांवरूनही डोळ्यांना कळते. तीच मालिका एचडी वाहिनीवर लावली तेव्हा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या आईलाही, न सांगता, चेहरे स्वच्छ झाल्याचे जाणवले. यासाठी फोर-के पडद्याची गरज नव्हती. जुन्या टीव्हीवरही हे साधले असते, आणि एचडी वाहिन्यांचा पॅक आधीच घेतला नाही याचे मला मनापासून वाईट वाटते.

रंगांच्या बाबतीत नवा टीव्ही निश्चित सरस आहे. एचडीआरमध्ये, म्हणजे उजेड-अंधारातला जास्त फरक टिपणाऱ्या पद्धतीत, चित्रित केलेल्या दृश्यांत दिव्यांची चमक आणि सावलीतले तपशील साडेआठ फुटांवरूनही वेगळे दिसतात, कारण उजेड-अंधारातला फरक ओळखायला ठिपके सुटे दिसण्याची गरज नसते. मात्र दुपारी पश्चिमेचे ऊन हॉलमध्ये आले की हा पडदा निस्तेज होतो. आवाज सामान्य आहे.

मोठा पडदा घेऊ इच्छिणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की आमच्या सोफ्यावरून ६५ इंची पडद्यावर फुल एचडीचा ठिपका जेमतेम दृष्टीच्या मर्यादेवर येतो, म्हणजे फोर-केचा लाभ तिथून पुढे सुरू होतो. फोर-केच्या चौपट, ३ कोटी ३२ लाख ठिपक्यांच्या एट-के टीव्हीसाठी अशा हॉलमध्ये जास्तीचे पैसे मोजू नयेत. आता या मापात बहुतेक टीव्ही फोर-केच मिळतात, त्यामुळे फोर-के घ्यावे की नाही यापेक्षा उजेड, रंग आणि आवाज यांची पारख करणे अधिक उपयोगाचे आहे.

ज्या एका कामात आमच्या घरी फोर-के खरोखर उपयोगी पडले, ते टीव्ही पाहण्याचे नाही. मुलगी लॅपटॉप जोडून साडेतीन फुटांवर खुर्ची घेते आणि प्रकल्पाचा मराठी मजकूर त्यावर वाचते. तिथे जोडाक्षरे आणि अनुस्वार छापील पानासारखे रेखीव दिसतात, आणि जुना टीव्ही त्या अंतरावर तिने एकदाच लावून पाहिला.