हार्डवेअर इफेक्ट: इन्सर्टवर चालू ठेवायचा की ट्रॅकवर प्रिंट करायचा?

कॉम्प्रेसर, स्प्रिंग रिव्हर्ब किंवा गिटार पेडल सॉफ्टवेअरला जोडायचं ठरलं की रस्ते दोन. एक तर ते प्लगिनसारखं इन्सर्टमध्ये (ट्रॅकवरच्या इफेक्टच्या जागेत) बसवून मिक्स संपेपर्यंत चालू ठेवायचं. नाहीतर आवाज बाहेर पाठवून परत येणारा सिग्नल नव्या ऑडिओ ट्रॅकवर रेकॉर्ड करायचा, म्हणजे प्रिंट करायचा. वायरिंग दोन्हीकडे सारखंच: ऑडिओ इंटरफेसचा (कॉम्प्युटरला जोडलेल्या साउंड बॉक्सचा) मोकळा लाइन आउटपुट, मोकळा लाइन इनपुट, स्टिरिओ असेल तर दोन-दोन. स्पीकर १-२ वर असतात, म्हणून इफेक्टला ३-४ द्या. इंटरफेसला दोनच आउटपुट असतील तर इन्सर्टचा नाद सोडा, कारण मिक्स ऐकायला जागाच उरत नाही. प्रिंट मात्र तेवढ्यातही जमतं: ट्रॅक सोलो करून डावा आउटपुट पेडलला द्यायचा आणि इंटरफेसचा डायरेक्ट मॉनिटर बंद ठेवून परतीचा आवाज रेकॉर्ड झाल्यावर ऐकायचा.

इन्सर्टचं सुख म्हणजे निर्णय पुढे ढकलता येतो. व्होकलची पातळी बदला, आधीचा ईक्यू बदला, कॉम्प्रेसर लगेच त्याप्रमाणे वागतो. रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरपैकी लॉजिकमध्ये हे काम आय/ओ प्लगिन करतं, एबलटन लाइव्हमध्ये एक्स्टर्नल ऑडिओ इफेक्ट, रीपरमध्ये रीइन्सर्ट, क्युबेसमध्ये ऑडिओ कनेक्शन्समधला एक्स्टर्नल एफएक्स. प्रो टूल्सच्या हार्डवेअर इन्सर्टला इनपुट आणि आउटपुट एकाच क्रमांकाचे लागतात. वेगळ्या क्रमांकांना जोडले तर परतीचा आवाज येतच नाही आणि माणूस केबल बदलत बसतो.

किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. एक यंत्र एका वेळी एकाच ट्रॅकवर. आणि एक्स्पोर्ट रिअल टाइममध्येच, पाच मिनिटांच्या गाण्याला पाच मिनिटं. रीपरमध्ये रेंडरच्या खिडकीत ऑनलाइन पर्याय आपणच निवडावा लागतो. ऑफलाइन राहिला तर परतीचा आवाज फाइलमध्ये नीट येत नाही.

खरी डोकेदुखी लेटन्सीची, म्हणजे आवाज उशिरा परतण्याची. सिग्नल डिजिटलचा अॅनालॉग होऊन जातो, परत डिजिटल होऊन येतो, आणि वाटेत बफरचा (कॉम्प्युटर सिग्नल थोडा थोडा साठवून घेतो त्याचा) वेळ जातो. ४८ किलोहर्ट्झला ४८ सॅम्पल म्हणजे १ मिलिसेकंद. एवढीच तफावत ठेवून ड्राय (मूळ आवाज) आणि वेट (इफेक्टमधून आलेला) सारख्या पातळीवर मिसळले की ५००, १५००, २५०० हर्ट्झ असे खड्डे पडतात आणि ड्रम पोकळ, नाकातून आल्यासारखे वाजतात. लॉजिक, क्युबेस आणि रीइन्सर्टमध्ये पिंग करून, म्हणजे एक छोटा ठोका पाठवून, हे मोजता येतं. लाइव्हमध्ये हार्डवेअर लेटन्सीचा आकडा हाताने भरायचा. पिंग करताना रिव्हर्ब किंवा डिले पूर्ण वेट ठेवू नका, मोजणी परतलेल्या प्रतिध्वनीला मूळ ठोका समजते. यंत्र काढून आउटपुट थेट इनपुटला जोडून मोजणं बरं, फक्त डिजिटल यंत्राची स्वतःची लेटन्सी त्यात धरली जात नाही. बफर किंवा सॅम्पल रेट बदलला की पुन्हा मोजा. रिव्हर्बच्या सेंडवर (ट्रॅकची प्रत इफेक्टला देणाऱ्या वाटेवर) मात्र यासाठी जीव टाकू नका; ५ मिलिसेकंद उशीर म्हणजे थोडा जास्त प्री-डिले (रिव्हर्ब सुरू होण्याआधीची उसंत), एवढंच.

प्रिंटमध्ये हा प्रश्न एकदाच सोडवायचा. ट्रॅकचा आउटपुट ३-४ ला, नव्या ट्रॅकचा इनपुट परतीच्या लाइनला. नव्या ट्रॅकचा आउटपुट चुकूनही ३-४ वर नको. इनपुट मॉनिटर चालू असेल तर सिग्नल गोल फिरून फीडबॅकचा किंचाळ उठतो. ट्रॅकच्या सुरुवातीला, गाण्याच्या दोन मात्रा आधी, एक टोकदार ठोका ठेवा आणि त्या ठोक्याच्या एक मात्रा आधीपासून रेकॉर्ड करा. मग झूम करून दोन्ही ठोके जुळवा. मूळ ठोक्याचं पहिलं शिखर वर आणि नव्याचं खाली गेलेलं दिसलं तर पोलॅरिटी (तरंगाची दिशा) उलटी आहे. रिव्हर्ब आणि डिले पूर्ण वेट घ्या (त्यांचे ठोके जुळवू नका, नाहीतर डिलेचा वेळच पुसला जातो), शेपूट पूर्ण विरेपर्यंत रेकॉर्डिंग थांबवू नका, आणि रेकॉर्डिंग २४ बिटमध्ये.

लेव्हल दोन्हीकडे सारखीच सांभाळायची. स्टुडिओची यंत्रं बहुधा +४ डीबीयू या सिग्नल-पातळीवर चालतात, साधी यंत्रं −१० डीबीव्हीवर, फरक ११.८ डीबीचा. सरासरी −१८ डीबीएफएसच्या (सॉफ्टवेअरच्या मीटरवरचा आकडा) आसपास पाठवा आणि परतीला तेवढीच येऊ द्या. बऱ्याच पेडलना लाइन लेव्हल झेपत नाही. आउटपुट साधारण २० डीबी कमी करा किंवा री-अॅम्प बॉक्स (लाइनचा सिग्नल गिटारसारखा करणारा) लावा. फझ पेडलला हा बॉक्सच हवा. इंटरफेसच्या आउटपुटच्या कमी इम्पिडन्सवर (विद्युत अवरोधावर) तो कर्कश वाजतो. घुमणारी हम आली तर ग्राउंड लूप (यंत्रांच्या अर्थिंगमधून गोल फिरणारा करंट) आहे. तिथे ट्रान्सफॉर्मरवाला आयसोलेटर लावा, प्लगची अर्थ पिन कापू नका.

एकच कॉम्प्रेसर असेल आणि तो व्होकल, बेस, स्नेअर तिघांनाही हवा असेल, तर प्रिंटला पर्याय नाही. प्रोजेक्ट दुसऱ्याकडे मिक्सला जाणार असेल तरीही प्रिंटच. नॉबच्या जागा ट्रॅकच्या नावात किंवा नोंदीत लिहा, आणि ड्राय ट्रॅक पुसू नका, म्यूट करून ठेवा. इन्सर्ट शोभतो तो मास्टरवरच्या (पूर्ण मिक्सवरच्या) स्टिरिओ कॉम्प्रेसरला: मिक्स बदलेल तसा तो हलायलाच हवा, आणि शेवटचा एक्स्पोर्ट हाच त्याचा प्रिंट. बाकी ट्रॅकवर इन्सर्ट लावून नॉब ठरवा, पटलं की सॉफ्टवेअर देत असेल तर फ्रीझ करा (इफेक्टसह ट्रॅक तात्पुरता ऑडिओ करून ठेवा), नाहीतर लगेच प्रिंट घ्या.