जत्रेला पाळणे ठरवताना पैसा कुठल्या दिशेने जातोय ते बघा

जत्रेत पाळणेवाला कमिटीला पैसे देतो, कमिटी पाळणेवाल्याला देत नाही. बेळगाव, खानापूर, हुक्केरी, निपाणी भागात वर्षानुवर्षं हाच रिवाज आहे. पाळणेवाला येऊन मैदान बघतो, जागेचं भाडं ठरवतो, पंच कमिटी किंवा पंचायतीकडे ते भरतो आणि तिकिटं स्वतः विकतो. आकाशपाळणा, ब्रेक डान्स, ड्रॅगन, कोलंबस असल्या मोठ्या वस्तू याच पद्धतीने येतात, कारण त्यांचा खर्च गर्दीतूनच निघतो. शाळेचं गॅदरिंग, कॉलनीतला गणेशोत्सव, मंडळाचा बालमेळावा इथे हिशेब उलटा. मुलांना फुकट खेळायचं असतं, म्हणून आयोजक दिवसाचं भाडं मोजतो आणि जम्पिंग (हवा भरून उभी करायची, उड्या मारायची गादी), चक्री, छोटी रेल्वे एवढंच येतं.

फसवणारा माणूस या दोन पद्धतींची सरमिसळ करतो. सापळा म्हणतात तो एवढाच.

महालक्ष्मी यात्रेची गावं त्याला विशेष सोयीची. ही यात्रा अनेक गावांत बऱ्याच वर्षांच्या खंडाने भरते. मागच्या वेळी पाळणे कुणी आणले, जागेचे किती आले, हे सांगणारे पंच थकलेले किंवा गेलेले असतात. नवी कमिटी तरुण असते, घरटी पट्टी गोळा झालेली असते आणि पाहुण्यांपुढे गावाचं नाव राहावं म्हणून घाईही असते. बेळगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या अशाच एका कमिटीचा हा प्रकार. गावाचं आणि माणसांचं नाव घेण्यात कुणाचा फायदा नाही, पद्धत मात्र जशीच्या तशी सांगण्यासारखी आहे.

फोन आला तो व्हॉट्सअ‍ॅपवर. सोबत रोषणाईतल्या आकाशपाळण्याचे फोटो आणि व्हिडिओ. बोलणं असं: आकाशपाळणा, ब्रेक डान्स, ड्रॅगन आणि दोन जम्पिंग आणतो, जागेचं भाडं देत नाही, त्याऐवजी तिकिटाच्या गल्ल्यातला ४० टक्के वाटा कमिटीचा. फक्त 'धंद्याची हमी' म्हणून कमिटीने ६० हजार आधी ठेवायचे, ते पहिल्या दोन दिवसांच्या गल्ल्यातून परत. वाटा मिळणार म्हटल्यावर हमी द्यायला कुणाला काही वावगं वाटलं नाही. पैशाची दिशा फिरली ती इथे.

पुढचे हप्ते ठरलेल्या क्रमाने आले. आधी ५ हजार टोकन, तारीख अडवायला. मग स्टॅम्प पेपरचा फोटो, आणि त्यावर ३० हजार. मग यात्रेच्या आदल्या दिवशी, मंडप उभा राहिलेला असताना, 'सीमेवर कोगनोळीला गाडी अडवली, ओव्हरलोडचा दंड भरल्याशिवाय सोडत नाहीत' म्हणून आणखी १८ हजार. या शेवटच्या मागणीची वेळच तिची ताकद. त्या घटकेला नाही म्हणणं म्हणजे मोकळं मैदान दाखवणं. खऱ्या पाळणेवाल्याच्या गाडीला दंड झाला तर तो त्याचा तो भरतो, आयोजकाला फोन करत नाही.

रात्री गाडी आली खरी, एकच, एमएच-०९ म्हणजे कोल्हापूर पासिंगची. आत हाताने फिरवायचा लहान पाळणा, एक चक्री आणि ठिगळं लावलेलं एक जम्पिंग. गाडीबरोबरचा माणूस चोर नव्हता. फोनवरच्या मध्यस्थाने त्याला सांगितलं होतं की गावात पोचल्यावर कमिटी ३५ हजार रोख देईल, मगच माल उतरव. त्या कामाचं कमिशन म्हणून मध्यस्थाने त्याच्याकडूनही ४ हजार उकळले होते. दोन्हीकडून पैसे खाऊन फोन बंद. पोरांनी गाडी अडवली, त्याने पोलिसांना फोन केला, आणि ज्यांची फसवणूक झाली तीच कमिटी दमदाटीच्या तक्रारीत सामनेवाली झाली. शेवटी त्याला काही पैसे देऊन तोच माल लावावा लागला.

आता खरा माणूस ओळखायचा कसा? त्याच्या प्रश्नांवरून. आकाशपाळणेवाला पहिल्या फोनवरच विचारतो: मैदान किती लांब-रुंद, आत ट्रक वळतो का, वरून विजेच्या तारा जातात का, माती काळी की तांबडी, थ्री फेज मिळणार की जनरेटर. मग तो स्वतः येऊन बघतो, कारण ११ केव्हीची, म्हणजे जास्त दाबाची विजेची लाईन मैदानावरून जात असेल तर त्याचा धंदाच तिथे होत नाही. मोठ्या वस्तू उभारायलाही दिवस लागतात, त्यामुळे 'आदल्या रात्री येतो, सकाळी चालू' हे आकाशपाळण्याच्या बाबतीत खोटंच समजावं. फसवणारा विचारतो तारीख आणि बजेट. एवढंच.

फोटोवर विश्वास नको. वस्तू सध्या कुठे लागली आहे ते विचारा आणि दोन माणसं मोटारसायकलवर तिथे पाठवा. पाळणे हंगामात एका जत्रेतून उठून दुसऱ्या जत्रेत जात असतात. चिंचलीची मायाक्का, सौंदत्तीची यल्लम्मा, कुठे ना कुठे ते उभे दिसतातच. तिथल्या आयोजकांशी बोललं की दहा मिनिटांत माणूस कळतो. 'सध्या माल गोदामात आहे' असं उत्तर आलं तर गोदाम बघायला जा.

कागदांचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सीमाभागात खोट्या कागदाला दोन राज्यांची आणि दोन भाषांची आड मिळते. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा. पहिले दोन आकडे राज्याचे: कर्नाटक २९, महाराष्ट्र २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. त्यामुळे प्रायव्हेट लिमिटेड म्हणवणाऱ्याच्या नंबरात सहावं अक्षर 'सी' हवं. तिथे 'पी' असेल तर तो एकट्या माणसाचा पॅन आहे. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला की नोंदलेलं नाव आणि नोंदणी चालू की रद्द हे दिसतं. नंबर नाही म्हणून माणूस लबाड ठरत नाही. सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणी सक्तीची नसते आणि लहान पाळणेवाले तसेच असतात. दुसऱ्याचा नंबर छापून देणारा मात्र उघड लबाड.

स्टॅम्प पेपरच्या फोटोला किंमत नाही. कर्नाटकातल्या ई-स्टॅम्पवर सर्टिफिकेट नंबर असतो आणि तो ऑनलाइन तपासता येतो. कमिटीने तपासला असता तर कळलं असतं की तो कागद भलत्याच माणसाच्या भाडेकराराचा होता. वरची नावं तेवढी फोटोत बदललेली. मूळ कागद, समोरासमोर सह्या, आणि वस्तूंची यादी नाव, माप, आसनांची संख्या यांसह, हे हातात आल्याशिवाय करार झाला असं धरू नका. करारात गाडीचा नंबरही घालावा. एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर तो टाकला की गाडी ट्रक आहे की दुचाकी, एवढं तरी समजतं. हसण्यासारखं वाटेल, पण करारात स्कूटरचा नंबर दिलेला असू शकतो.

पैसे देताना यूपीआयवर बँकेतलं नाव दिसतं. ते करारातल्या नावाशी जुळलं नाही तर तिथेच थांबा. 'भावाचं खातं आहे' चालणार नाही. आणि 'हमी परत करतो, हा क्यूआर स्कॅन करा' असा फोन आला तर लक्षात ठेवा, पिन टाकावा लागतो तो पैसे देण्यासाठी, घेण्यासाठी कधीच नाही. लहान वस्तू भाड्याने घेताना टोकन नाममात्र, मोठा भाग माल उतरून चालवून बघितल्यावर आणि उरलेला शेवटच्या दिवशी, अशी वाटणी लिहून घ्या. उतरण्याआधी सगळी रक्कम मागणाऱ्याशी करारच करू नये.

माल भलताच आला आणि तोच लावायची वेळ आली तर काय बघायचं? त्या गावात सगळ्यात धोक्याचं निघालं ते जम्पिंग. चार खुंट्या, नायलॉनची दोरी. हवा भरलेल्या वस्तूंसाठीच्या युरोपीय मानकात किमान सहा ठिकाणी बांधणी सांगितली आहे आणि ताशी ३८ किलोमीटरच्या वर वारा गेला की मुलांना उतरवून हवा सोडायची. खुंटी लोखंडी, सुमारे ३८० मिलिमीटर लांब आणि १६ मिलिमीटर जाड, पूर्ण ठोकलेली, डोकं बोथट. खानापूरकडच्या जांभ्यात ती अर्धीच जाते. काळ्या मातीत सहज जाते आणि पाऊस झाला की तितकीच सहज निघते. दोन्हीकडे वजनाच्या पिशव्या किंवा पाण्याची भरलेली पिंपं जोडीला लागतात. आपल्या जत्रा चैत्र-वैशाखात आणि वळीव त्याच दिवसांत, तोही संध्याकाळी, ऐन गर्दीच्या वेळी.

जम्पिंगमध्ये हवा भरणारा ब्लोअर साधारण दीड ते दोन एचपीचा असतो आणि सतत चालावा लागतो, कारण हवा शिवणीतून जातच असते. लांबून पातळ वायर ओढली की व्होल्टेज पडतं, मोटर तापते आणि मुलं आत असताना जम्पिंग बसतं. म्हणून जाड वायर, वेगळी लाईन, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि ब्लोअरजवळ कायम एक माणूस. आकडा टाकून वीज घेऊ नका, हेस्कॉम या वीज कंपनीकडून तात्पुरतं कनेक्शन मिळतं. पाळण्याच्या पायाखाली लाकडी ठोकळे आणि पाणसळ, प्रत्येक आसनाच्या खिळीला पिन, आणि माणसं बसवताना समोरासमोरची आसनं भरायची, एका बाजूला भार आला की चाक ओढलं जातं. पोलीस परवानगी आणि पंचायतीची ना हरकत कमिटीच्या नावाने मागितलेली असेल तर अपघातात पहिला प्रश्न कमिटीलाच. महाराष्ट्रातला जुना तपासणी दाखला दाखवून 'हा इथेही चालतो' म्हणणाऱ्याला पोलीस ठाण्यात नेऊन तिथेच विचारा.

पैसे गेल्याचं कळताच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा किंवा सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाका. पहिल्या काही तासांत रक्कम पुढच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता असते, नंतर ती एटीएममधून निघून जाते. व्यवहाराचा यूटीआर नंबर (बँकेने त्या व्यवहाराला दिलेला क्रमांक), व्हॉईस मेसेज आणि चॅट डिलीट न करता ठेवा, स्क्रीनशॉट पुरत नाहीत. 'तो माणूस कोल्हापूरचा, तिकडे जा' असं ठाण्यात सांगितलं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असली तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते, हे नम्रपणे दाखवा. फसवणुकीचं कलम भारतीय न्याय संहितेतलं ३१८. अर्ज कन्नडमध्ये लिहून नेला तर काम लवकर सरकतं. आणि गाडी घेऊन आलेल्या माणसाला अडवू नका, त्याचा जबाब घ्या. मध्यस्थाचा दुसरा नंबर, दुसरं खातं बहुतेक त्याच्याच फोनमध्ये असतं.