फुकटातला डॅशबोर्ड: द्राक्षाच्या एका हंगामानंतर

मी नोकरीला पुण्यात, घरची द्राक्षबाग आणि कांदा निफाड तालुक्यात. हवामान एका अ‍ॅपवर, कांद्याचे भाव दुसरीकडे, एसआयपीची एनएव्ही (म्युच्युअल फंडाच्या एका युनिटचा भाव) तिसरीकडे, बातम्या चौथीकडे. हे सगळं एका पानावर यावं म्हणून गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस डॅशबोर्ड बांधायला घेतला. फळछाटणीपासून काढणीपर्यंत तो रोज वापरला. आता त्यातलं काय टिकलं आणि काय गेलं ते सांगतो.

सामान साधं आहे. गुगल शीट्स, तिच्यासोबत येणारी अ‍ॅप्स स्क्रिप्ट (छोटे प्रोग्राम लिहायची सोय), हवामानासाठी ओपन-मेटिओ, बाजारभावासाठी केंद्र सरकारच्या खुल्या डेटा पोर्टलचा एपीआय (स्क्रिप्टला थेट आकडे देणारी सोय) आणि निरोपासाठी टेलिग्रामचा बॉट. खर्च शून्य रुपये, मात्र सुरुवातीचे बरेच रविवार गेले. साध्या जीमेल खात्यावर अ‍ॅप्स स्क्रिप्टला दिवसाला २०,००० वेळा बाहेरून माहिती आणता येते, फक्त एक धाव ६ मिनिटांत संपायला हवी. ओपन-मेटिओ बिगरव्यावसायिक वापरासाठी दिवसाला १०,००० विनंत्यांपर्यंत फुकट आहे आणि त्याला नोंदणीही लागत नाही. घरगुती कामाला याचा कोपराही लागत नाही.

शीट्समध्ये इम्पोर्टएक्सएमएल, इम्पोर्टडेटा अशी तयार सूत्रंही आहेत आणि बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. दोन-चार आकडे बघण्यापुरती ती ठीक. पण सूत्राने आणलेला आकडा साठत नाही, उद्याचा आला की आजचा पुसला जातो. म्हणून मी सगळं स्क्रिप्टवर नेलं. स्क्रिप्ट रोज एक नवी ओळ जोडते आणि इतिहास आपोआप तयार होतो. ट्रिगर, म्हणजे स्क्रिप्ट आपोआप धावायची वेळ, लावताना मात्र एक ध्यानात ठेवा. ५ ते ६ ही वेळ निवडली, तर ती त्या तासात कधीही धावते. घरी बाग बघणारे नाना पहाटे साडेपाचला बागेत जातात, म्हणून मी ३ ते ४ ठेवली.

सगळ्यात जास्त कामाला आलं ते हवामान. अक्षांश-रेखांश द्यायचे, हवे ते घटक मागायचे: किमान तापमान, पाऊस, पावसाची शक्यता, आर्द्रता. टाइमझोनच्या जागी एशिया/कोलकाता लिहायलाच हवं. मूळ वेळ ग्रीनिचची असते आणि त्या हिशोबाने दिवस आपल्याकडच्या पहाटे साडेपाचला सुरू होतो, मग पहाटेचा पाऊस आदल्या दिवशीच्या खात्यात पडतो. फवारणी ठरवणाऱ्याला हा फरक फार महागात जातो. अंदाज १६ दिवसांपर्यंत मिळतो, पण मी पाचव्या दिवसापुढचे रकाने लपवून टाकले. दहाव्या दिवशीचा पाऊस बघून घरात नुसता घोर लागतो, करता काहीच येत नाही.

थंडीची गोष्ट वेगळी. निफाडचा पारा डिसेंबर-जानेवारीत किती खाली जातो हे बातम्यांमुळे महाराष्ट्राला ठाऊक आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातली नोंद म्हणजे आमच्याकडचा प्रमाण आकडा. मण्यांत पाणी उतरत असताना पारा फार घसरला की फुगवण थांबते, मणी तडकतात. मग पहाटे ठिबक सोडायचं, बांधावर शेकोट्या पेटवायच्या. पण हवामानाचं मॉडेल कित्येक किलोमीटरच्या चौकोनाचं मिळून एक तापमान देतं आणि नदीकाठच्या खोलगट रानात थंडी त्याहून जास्त साचते. आमच्या बागेतला तापमापक पहाटे अंदाजापेक्षा दोन-तीन अंश खालीच असायचा. म्हणून इशाऱ्याची रेषा मी ६ ऐवजी ९ अंशांवर आखली. अंदाज त्याखाली गेला की संध्याकाळी टेलिग्रामवर मला निरोप येतो आणि मी घरी फोन करतो. नाना टेलिग्राम वापरत नाहीत, वापरणारही नाहीत.

आता कांदा. एपीआयमधून बाजारनिहाय किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर क्विंटलमागे मिळतो, सोबत कांद्याची जात आणि आवकेची तारीख. एपीआय वापरायची किल्ली (परवानगीचा कोड) फुकट नोंदणी करून घ्यावी लागते. नमुन्याची किल्ली एका वेळी फक्त १० नोंदी देते, तेवढ्यात नाशिक जिल्हाही मावत नाही. लासलगाव नुसतं शोधून भागत नाही, कारण लासलगाव, लासलगाव (निफाड) आणि लासलगाव (विंचूर) अशा तीन वेगळ्या नोंदी असतात. शिवाय पिंपळगाव आहेच. लाल आणि उन्हाळी कांदा एकाच रकान्यात मिसळला तर सरासरीला काही अर्थ उरत नाही, तेव्हा जातही गाळून घ्या.

आजचा भाव कळायला मात्र हा डॅशबोर्ड कुचकामी आहे, हे स्पष्ट सांगतो. सकाळचा लिलाव सुरू झाला की पहिल्या ट्रॉल्यांचे भाव गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लगेच फिरतात, अधिकृत नोंद पुष्कळ नंतर येते. उपयोग आहे तो आलेखाचा. उन्हाळी कांदा साठवणीच्या चाळीत ठेवायचा की विकायला काढायचा, हे ठरवताना मागच्या महिन्यांची रेघ डोळ्यांसमोर असली की बोलणं अंदाजपंचे होत नाही. एकाच खान्यात मावणारा स्पार्कलाइनचा बारका आलेख पुरतो, मोठे रंगीत चार्ट लागत नाहीत.

सुरुवातीला पानावर फक्त दर दिसायचा. सुट्टीत घरी गेलो तेव्हा नानांना मोठ्या हौसेने दाखवलं.

"हा भाव कालचा का आजचा?" त्यांनी विचारलं.

"आजचाच असेल, नाना."

"आज बाजार समिती बंद आहे."

त्या दिवसापासून प्रत्येक आकड्याशेजारी तो केव्हाचा आहे, याचा रकाना आला. माझ्या मते अशा कुठल्याही पानावर आकड्याइतकीच त्याची तारीख मोलाची. कुठलाही स्रोत, सरकारी असो वा खासगी, कधी ना कधी उत्तर देत नाही. तेव्हा स्क्रिप्टने जुना आकडा जुन्या तारखेसह तसाच ठेवावा, नव्या तारखेचा शिक्का मारू नये. तारीख दोन दिवसांपेक्षा जुनी झाली की खाना लाल होतो, कंडिशनल फॉरमॅटिंगची एक ओळ आहे. चकाचक दिसणारी तयार विजेट्स मी पाहिली, त्यांतल्या बऱ्याचशांत ही सोय नाही. शिळा आकडा ताज्याइतकाच ठसठशीत दिसतो.

काही गोष्टी काढून टाकल्या. बातम्यांचा आरएसएस (नवे मथळे आपोआप आणणारा) रकाना आधी गेला. मथळे वाचण्यात दहा मिनिटं जायची आणि हाती काही लागायचं नाही. मग एनएव्ही. अ‍ॅम्फी ही म्युच्युअल फंड कंपन्यांची संघटना सगळ्या योजनांची रोजची एनएव्ही एका मजकूर फाइलमध्ये देते, अर्धविरामांनी तोडलेली. योजनेच्या क्रमांकावरून आपली ओळ शोधणं सोपं आहे. पण पंधरा वर्षांसाठी घातलेले पैसे रोज सकाळी का बघायचे? आता ती फक्त रविवारी येते, वेगळ्या शीटमध्ये.

वेगळी शीट मुद्दाम. 'वेबवर प्रकाशित करा' हा पर्याय वापरला की दुवा हाती असलेला कोणीही पान पाहू शकतो. कांद्याचा भाव जगाने पाहिला तर बिघडत नाही, फंडातल्या खात्याचे फोलिओ क्रमांक मात्र तिथे नकोत. घरच्या पानासाठी मी स्क्रिप्टचंच छोटं वेब अ‍ॅप केलं, मोठी अक्षरं, एक उभा रकाना. नानांच्या फोनवर त्याचं चिन्ह समोरच ठेवलंय. जुना टॅब भिंतीवर लावायची कल्पना अनेकांना सुचते, मीही लावला. चोवीस तास चार्जरवर ठेवला तर बॅटरी फुगते, म्हणून टायमरचं सॉकेट घ्या.

फुकट सेवांचा भरवसा किती? आयगुगल १ नोव्हेंबर २०१३ ला बंद झालं, त्याच वर्षी १ जुलैला गुगल रीडर गेलं होतं, २०१५ मध्ये याहू पाइप्स गेलं. तिन्हींवर लोकांनी सकाळी उघडायची पानं बांधली होती. म्हणून महिन्यातून एकदा सगळ्या ओळी सीएसव्ही (साधी मजकूर फाइल) करून लॅपटॉपवर उतरवतो. स्क्रिप्टची प्रतही तिथेच. उद्या शीट्स सोडायची वेळ आली तरी भावांचा आणि तापमानाचा इतिहास हातात राहील.

ज्यांना कोडिंगचा अजिबात कंटाळा आहे त्यांनी हा खटाटोप करू नये, दोन चांगली अ‍ॅप पुरतील. ज्यांचा निर्णय एखाद्या ठरावीक जागेच्या आकड्यावर अडतो, बाग, विहीर, दुकानाचा माल, त्यांना तयार अ‍ॅपमध्ये ती जागा सापडत नाही. त्यांनी जरूर करावा, पण तीन-चार आकड्यांपासून.

माझ्याकडे राहिलंय ते धरणाचं. गंगापूरच्या साठ्याचा रोजचा तक्ता पीडीएफमध्ये येतो आणि त्यातून आकडा उचलणारी धड स्क्रिप्ट अजून जमलेली नाही. तूर्त तो मी हाताने भरतो. त्याच्याही शेजारी तारखेचा खाना आहे, आणि तो बहुतेक वेळा लालच असतो.